अकराव्या तळ्यावरची बदकं

३ फेब्रुवारी

टकळे,

घाबरू नकोस, मामीची तब्येत बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण माझं पत्र आलं की तू आधी तेच शोधतेस. बिघडलाय तो कॉम्प्युटर. म्हणजे कॉम्प्युटर चालतो, त्यातला बदकांचा खेळ चालत नाही.

काल रविवारी चहा झाल्यावर मामी नेहमीसारखी खुर्चीत बसली. मी भिंतीवरचं बटण दाबलं, मशीन घरघरलं, पडदा उजळला. तिने बदकाच्या चित्रावर दोनदा दाबलं. खेळाची पाटी आली, त्यावरचं मोठं बदक पंख फडफडवतं ना, ते फडफडलं, आणि एकदम सगळं नाहीसं. पुन्हा आपला मोकळा निळा पडदा. आम्ही दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा बदक फडफडलं आणि गेलं. काही लिहून येत नाही, आवाज होत नाही. दुकानात माणूस यावा, आणि काय हवं विचारायच्या आत निघून जावा, तसं.

तू म्हणशील फोन का नाही केला. मला ऐकू कमी येतं, फोनवर मी हो हो म्हणतो ते ऐकू आलं म्हणून नव्हे, तू दमू नयेस म्हणून. आणि मामीचे शब्द अजून जड येतात, ते समोर बसल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून पत्रच बरं. कागद दोनदा वाचता येतो.

ऑक्टोबरात अर्धांगवायूने तिचा उजवा हात गेला, तेव्हापासून तो रबरी चेंडू दाबायला तिने काय काय नखरे केले ते तू पाहिलंस. "मी काय तान्ही आहे?" म्हणून भिरकावून द्यायची, तोही डाव्या हाताने. मग तू ऑफिसातलं ते टाकाऊ मशीन आणून बदकं दाखवलीस. बदकं तळ्याकाठून हाकत न्यायची, आणि कोल्हा यायच्या आत बोट दाबून फाटक लावायचं. तीन महिन्यांत बाई अकराव्या तळ्यावर पोचली! सगळ्यात मागे रेंगाळणाऱ्या बदकाला ती माझ्या नावाने हाक मारायची ते जाऊ दे. बोट दाबलं जात होतं. व्यायामाची बाई दर मंगळवारी येते, ती म्हणाली, पहिल्या सहा महिन्यांत बोटं जेवढं शिकतील तेवढं शिकतील, मग हट्टी होतात. म्हणजे मार्च अखेर.

तेव्हा लवकर कळव. माझं शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजी मला घड्याळाच्या तबकडीवर असतं तेवढंच येतं. सोप्या भाषेत लिही.

तुझा
मामा

ता.क. पाकिटाला तिकीट पुरेसं लावलं आहे का ते कळव. तुला दंड पडला असेल तर मला फार वाईट वाटेल.

*

८ फेब्रुवारी

मामा,

दंड पडला नाही. तिकीट दुप्पट होतं.

घाबरण्यासारखं काही नाही. जुनी मशीनं म्हाताऱ्यांसारखी असतात, एखाद्या दिवशी उगाच रुसतात (तुम्हाला नाही म्हटलं). आधी सगळं बंद करून, मागच्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवा आणि पाच मिनिटांनी सुरू करा. तरी नाही झालं तर बदकाच्या चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबा. यादी उघडेल, तिच्या अगदी शेवटच्या ओळीवर दाबा. मग जी चौकट येईल तिचं चित्र मी या कागदाच्या मागे काढलंय. बाण दाखवलाय त्या चौकोनात बरोबरची खूण करायची. म्हणजे ते खेळाला सांगतं की बाबा रे, मशीन जुनं आहे, जरा सांभाळून घे.

एक मात्र नीट आठवून सांगा. शनिवारी चालत होतं आणि रविवारी नाही, तर मधे काय झालं? कोणी मशीन उघडलं का? काही बदललं का? मी रागावणार नाही, कळलं तर शोधायला सोपं जाईल एवढंच.

आणि नाहीच जमलं तर बाजारातल्या त्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा. मी पैसे पाठवते. मला इथून एप्रिलपर्यंत सुटका नाही, नाहीतर आलेच असते.

मामीला सांगा, कोल्हा वाट बघतोय.

टकळी

*

१२ फेब्रुवारी

टकळे,

तू लिहिलंस तसं सगळं केलं. घाई केली नाही, एकेक करत गेलो आणि वेळ लिहून ठेवली. वायरी काढून बसवल्या, खेळ सुरू केला, बदक फडफडलं, बंद. तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं. मग चौकटीत खूण केली. माऊस धरायची मला सवय नाही, दोनदा भलतंच उघडलं. खेळ सुरू केला दहा सत्तावीसला, तोच प्रकार. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहून लिहिलं आहे, ११ फेब्रुवारी, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं. म्हणजे माझ्या लिहिण्यात चूक नाही.

मशीन कोणी उघडलेलं नाही. काही बदललेलं नाही.

दुरुस्तीवाला नको. परका माणूस घरात येऊन खोलून बसतो, काय काढतो काय घालतो आपल्याला कळत नाही. शिवाय मामीला आवडत नाही कोणी आलेलं.

खरी काळजी वेगळीच आहे. मामीने हात शालीखाली ठेवला आहे. शनिवारी सकाळी खेळताना तिचा हात घसरून कळफलकावर पडला होता आणि तीनचार कळा एकदम दाबल्या गेल्या. तेव्हा काही झालं नाही, खेळ चालूच होता. पण आता तिने मनाशी धरलं आहे. परवा म्हणाली, "माझ्या मेल्या हातानंच मोडलं." मी म्हटलं, असं कसं होईल. ती म्हणाली, "कप मोडला, चष्मा मोडला, आता हे." चेंडू पुढे केला तर तोंड फिरवते. मंगळवारी व्यायामाची बाई आली तेव्हा झोपेचं सोंग घेतलं. बाईला कळलं.



दुसरं काही करण्यासारखं असेल तर लिही. काल खिडकीची कडीसुद्धा नीट लागत नव्हती. सगळंच एकदम बिघडतं.

तुझा
मामा

*

१७ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. कागद दोनदा वाचता येतो म्हणालात ना, तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं.

कोपऱ्यातली वेळ बरोबर कशी?

ते मशीन मी आमच्या ऑफिसच्या अडगळीतून उचललं तेव्हाच त्याच्या पोटातला घड्याळाचा सेल मेलेला होता. रोज सुरू केलं की ते सतरा वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला, रात्री बारा वाजता जागं व्हायचं. आता ते अकरा फेब्रुवारी, मिनिटाला मिनिट दाखवतं. आपोआप नाही होत असं. आपल्या घरात चपटे सेल कोणाच्या खणात असतात ते मला सांगायला नको.

थांबा, पत्र खाली ठेवू नका. आधी बदकांचं ऐका.

तो खेळ तीस दिवस फुकट चालतो, मग बंद होतो, विकत घ्यावा लागतो. तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली, घेणार कोणाकडून? पण सेल मेलेला, त्यामुळे त्या बिचाऱ्या खेळाला रोज पहिलाच दिवस वाटायचा. त्यात तुम्ही आग लागेल म्हणून काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करता. ते चालू राहिलं असतं तर वीज मिळून आतलं घड्याळ पुढे सरकत राहिलं असतं, आणि महिन्याभरातच खेळ संपला असता. तुमच्या घाबरटपणावर ती बदकं जगत होती, मामा. तुम्ही घड्याळ बरोबर केलंत, आणि खेळाने पाहिलं की तीस दिवस कुठले, सतरा वर्षं झाली. तो गेला.

चूक माझी आहे. घड्याळवाल्याच्या घरात चुकीचं घड्याळ ठेवून आले आणि हात लावू नका एवढं सांगितलं नाही.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेल काढा. तारीख हाताने मागे नेली तरी चालेल, पण मग दर महिन्याला न्यावी लागेल.

दुसरी गोष्ट मात्र दोन मिनिटांची नाही. मामी समजते की तिने मोडलं. हे तिला मी फोनवर सांगू शकते. सांगणार नाही. तुम्ही सांगा.

टकळी

*

२१ फेब्रुवारी

टकळे,

तुझं पत्र आल्यावर मी ते उशीखाली ठेवलं, मग उशीखाली सापडेल म्हणून कोटाच्या खिशात ठेवलं. दोन दिवस कोट घालूनच घरात वावरलो. मामीने विचारलं, "थंडी वाजते का?" मी हो म्हटलं. आणखी एक खोटं.

मीच केलं. एक फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, ती झोपली होती तेव्हा.

तुला काय सांगू. सेहेचाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांत डोळा घालून बसलो. ती खेळायची आणि मी शेजारी बसायचो, आणि त्या कोपऱ्यात रोज एक जानेवारी. रोज बारा वाजून पाच मिनिटं, बारा वाजून दहा मिनिटं. बाहेर ऊन पडलेलं. दाढेत काही अडकावं तसं व्हायचं. ऑक्टोबरापासून या घरात जे जे बिघडलं, त्यातलं मला एकही दुरुस्त करता येत नाही. तिचा हात नाही, तिचे शब्द नाहीत. डॉक्टर बोलतात तेव्हा मी नुसता मान हलवतो. एवढी एकच गोष्ट होती की जिथे मला कळत होतं काय बिघडलं आहे. झाकणाचे स्क्रू काढले, सेल दिसला, आपलाच, हातातल्या घड्याळांना लागतो तसलाच. पाच मिनिटांत बदलला. तारीख लावली. मला किती दिवसांनी बरं वाटलं! रविवारी ती बघेल आणि म्हणेल, अरे वा, असं मनात होतं.

रविवारी बदकं गेली. ती म्हणाली, "माझ्या हातानं." आणि मला, खरं सांगतो, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणच. पण तेव्हा बोललो नाही, आणि नंतर रोज ते जड होत गेलं.

आता एक ऐक. ती झोपली की मी सेल काढून टाकतो आणि सांगतो की आपोआप चालू झालं. किंवा तू लिही की वायर सैल होती, आणि ते पत्र मी तिला वाचून दाखवतो. बदकं चालू झाली की ती सगळं विसरेल. माझ्यावरचा तिचा भरवसा गेला तर या वयात मी काय करू? तिला आंघोळीला मी धरून नेतो, जिना मी उतरवतो. ज्याने एवढं लपवलं त्याचा हात ती कशी धरेल?

मोठ्या माणसाने लहानाला विचारू नये ते विचारतो आहे.

मामा

*

२६ फेब्रुवारी

मामा,

नाही. वायरीचं पत्र मी लिहिणार नाही.

तुम्ही गुपचूप चालू केलंत तर ती खेळेल, पण भीत भीत. पुढच्या वेळी काहीही बंद पडलं, दिवा गेला, नळ गळला, की पुन्हा हात शालीखाली. तिला बदकं नंतर मिळाली तरी चालतील. आधी तिला हे कळायला हवं की त्या हाताने काही मोडलेलं नाही.

ती तुमचा हात का सोडेल? तुम्ही आजवर लपवलेलं तिला कधी कळलं नाही असं वाटतं तुम्हाला?

मार्च आला हो मामा.

टकळी

*

८ मार्च

मामा, दहा दिवस पत्र नाही. मी जास्त बोलले का? फोन केला तर तुम्ही "हो, हो, बरं आहे" म्हणालात आणि ठेवलात. एक ओळ लिहा. नुसतं "जिवंत आहोत" लिहिलंत तरी चालेल.

टकळी

*

१४ मार्च

टकळे,

जिवंत आहोत. उशीर झाला, कारण सांगण्यासारखं घडायला उशीर झाला.

दहाबारा दिवस मी रोज ठरवत होतो. कधी तिची झोप चांगली झाली म्हणून मूड घालवायला नको, कधी झोप झाली नाही म्हणून नको. सोमवारी दुपारी ती खिडकीशी बसली होती. मी समोर स्टूल ओढलं आणि म्हटलं, "ते खेळाचं. ते तू नाही मोडलंस."

"मग कोणी?"

"मी."

मग तिने डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि हळूहळू म्हणाली, "पुरे. मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलाल?"

हे मी धरलंच नव्हतं! ती रागावेल, रडेल, सगळं धरलं होतं. विश्वासच ठेवणार नाही हे नव्हतं धरलं. मी शपथ घेतली, ती हसली. सेलचं सांगितलं, तारखेचं सांगितलं, तीस दिवसांचं सांगितलं. ती म्हणाली, "टकळीनं शिकवलं वाटतं हे." तुझं पत्र दाखवलं तर म्हणाली, "दोघं मिळून करताय." इतकी वर्षं तिला सांभाळायला लहानसहान खोटं बोललो, तेच आता आडवं आलं.

मग मला आठवलं. आम्हा घड्याळवाल्यांची एक रीत असते. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्याने आपली खूण आणि तारीख कोरायची, बारीक, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी. पुन्हा तेच घड्याळ आलं की कळतं, कोणी कधी उघडलं होतं. हात ते आपोआप करतो, मला विचारत नाही. मी मशीन टेबलावर आडवं केलं, स्क्रू काढले आणि झाकण उलटं करून तिच्या मांडीवर ठेवलं. भिंग दिलं. दुकानात गर्दी असायची तेव्हा जुन्या खुणा वाचून मला सांगायचं काम तीच करायची, माझी खूण तिला झोपेतही ओळखू येईल.

तिने वाचलं. एक, दोन. एक फेब्रुवारी.

मग म्हणाली, "सदतीस दिवस." एवढंच. आणि पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवली, औषध घेतलं, आंघोळीला जाताना माझा दंड धरला. धरला, हे लिहून ठेवतो. पण शब्द नाही. मंगळवारी व्यायामाची बाई आली, तर तिला म्हणाली, "यांना जरा बाहेर बसवा." मी जिन्यात बसलो. आत काय चाललं होतं कळलं नाही, पण चेंडू दोनदा भिंतीवर आपटल्याचं मला, बहिऱ्याला, जाणवलं. बाई जाताना म्हणाली, "आज त्यांनी फार जोर लावला." मी काय समजायचं ते समजलो.

बुधवारी सकाळी ती टेबलाशी जाऊन बसली. मशीन तसंच उघडं पडलं होतं. म्हणाली, "कुठे आहे तो तुमचा सेल?"

मी चिमटा घेऊन पुढे झालो. तिने माझं मनगट बाजूला सारलं.

"तुम्ही नको. तुमच्या हाताचा आता भरवसा नाही."

टकळे, मी हसावं की रडावं मला कळेना. ती मात्र हसत नव्हती. तिने शालीतून उजवा हात काढला, डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. त्या सेलच्या कडेला पत्र्याची एक जीभ असते, ती बोटाने मागे रेटली की सेल वर उसळतो. माझं काम दोन सेकंदांचं. तिला पाऊण तास लागला. बोट जिभेवर टेकायचं आणि घसरायचं. पुन्हा उचलून ठेवायची. कपाळावर घाम आला. मी दोन वेळा पुढे झालो आणि दोन्ही वेळा तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात दुसऱ्याच्या हाताखाली घड्याळ बघवलं नाही मला, पण बसलो. मांडीखाली हात दाबून बसलो.

शेवटी टक झालं. सेल उसळून जमिनीवर गेला, घरंगळत कपाटाखाली. मी वाकू लागलो तर म्हणाली, "राहू द्या तिथेच."

झाकण मी बसवलं, तेवढं करू दिलं. बटण दाबलं. कोपऱ्यात एक जानेवारी, बारा वाजले. तिने माऊसवर हात ठेवला, बदकावर दोनदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबायला जरा वेळ लागला. बदक फडफडलं आणि राहिलं. मग तळं उघडलं. अकरावंच. ते कुठे गेलं नव्हतं.

एवढ्या दिवसांत बोट जड झालं आहे, हे खरं आहे. तुझ्यापासून लपवत नाही. फाटक लावायला उशीर झाला आणि कोल्ह्याने दोन बदकं नेली. मी तिच्या हाताकडे बघत होतो, आता शालीखाली जातो की काय.

तिने कोल्ह्याला अशा शिव्या घातल्या की त्या मी पत्रात लिहू शकत नाही. इतके स्पष्ट शब्द तिच्या तोंडून ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा ऐकले. हाताला एक शब्द बोलली नाही.

तुझा
मामा